परीक्षा चालकाची, सुरक्षितता सर्वांची

धानाचा जिल्हा म्हणून गोंदियाची ओळख सर्वदूर आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील धान ठिकठिकाणच्या राइस मिलमध्ये भरडले जाते. ज्या गिरण्यांत उकडा, म्हणजे स्थानिक बोलीतील उसना, तांदूळ तयार होतो, तेथे धान भिजवून वाफवावे लागते. त्यासाठी वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर लागतो. धानाचेच तूस जाळून हा बॉयलर पेटता ठेवला जातो. याच जिल्ह्यात तिरोडा येथे प्रत्येकी ६६० मेगावॉट क्षमतेचे पाच संच असलेला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. त्याचा पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला आणि २०१४ पर्यंत पाचही संच कार्यान्वित झाले. या संचांतील वाफेचा दाब २२१ बार या पाण्याच्या क्रांतिक दाबापेक्षाही अधिक असतो.

गिरणीतील बॉयलर आणि तिरोड्याचा संच यांच्या आकारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे. ही यंत्रे ज्याच्या हाती सोपवावयाची त्याने आपली पात्रता आधी सिद्ध करावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. परीक्षा, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र ही व्यवस्था त्यासाठीच आहे. अणुवीज केंद्रात ही अपेक्षा सर्वांत कठोर असते. तेथे नियंत्रण कक्षात बसणाऱ्या प्रत्येक जबाबदार चालकाला परवाना घ्यावा लागतो.

अशा परवान्याच्या परीक्षेतच नक्कल झाली तर? हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील एका अणुवीज केंद्रात नेमके हेच घडले आणि त्याची चौकशी व त्यावरील निर्णयप्रक्रिया पुढे चार वर्षे चालली. शाळेतील परीक्षा असो, भरतीची असो वा बॉयलर चालकाची असो, परीक्षा घेण्याशी ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांना त्या प्रकरणातून बरेच शिकण्यासारखे आहे.

प्रमाणपत्राचा उगम

यंत्रचालकाच्या प्रमाणपत्राला कार्यालयीन सोपस्कार समजण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु त्याचा उगम कार्यालयात नव्हे, अपघातात आहे. १८६३ मध्ये कलकत्ता येथे बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर बंगालमध्ये १८६४ साली बॉयलरच्या तपासणीचा कायदा करण्यात आला. पुढे निरनिराळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यांत एकसूत्रता आणण्यासाठी १९२३ चा भारतीय बाष्पक अधिनियम संमत झाला. शासकीय परिभाषेत बॉयलरला बाष्पक म्हणतात आणि महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय हे काम पाहते. बॉयलर परिचर आणि बॉयलर परिचालन अभियंता यांच्या परीक्षा व प्रमाणपत्रांसंबंधी केंद्र शासनाने २०११ मध्ये नियम केले. परिचराच्या प्रमाणपत्राचे प्रथम वर्ग व द्वितीय वर्ग असे दोन प्रकार त्यांत आहेत. १९२३ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवा बाष्पक अधिनियम संमत केला.

या परीक्षेत नेमके काय पाहिले जाते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पाण्याची वाफ झाली की साधारण वातावरणीय दाबाला तिचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट होते. बंद पात्रात ही शक्ती कोंडलेली असते. म्हणून बॉयलरमधील पाण्याची पातळी हा परिचराच्या कामाचा प्राण होय. ती दाखविण्यासाठी बॉयलरला काचेची नळी, म्हणजे गेज ग्लास, बसविलेली असते. पाण्यातील क्षारांमुळे नळीचे मार्ग तुंबले तर आतील पाणी कमी झाले तरी काचेतील पाणी जागच्या जागी उभे राहते. बॉयलर रिकामा होत असतो आणि काच मात्र सारे ठीक असल्याचे दाखवीत असते. म्हणूनच नळीचा निचरा उघडून तीतून पाणी व वाफ मोकळी वाहते की नाही, हे नियमितपणे पाहावयाचे असते.

समजा, पाणी धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे ध्यानात आले. अशा वेळी कोणाचाही हात प्रथम पाण्याच्या पंपाकडे जाईल. पाणी कमी झाले, तेव्हा पाणी सोडावे, हे सरळ वाटते. आणि नेमके तेच घातक असते. पाणी नसल्याने तापून लाल झालेल्या पत्र्यावर वा नळ्यांवर एकाएकी गार पाणी पडले तर स्फोट होण्याचा संभव असतो. आधी आग तोडावयाची, म्हणजे तुसाचा पुरवठा आणि हवेचा पंखा बंद करावयाचा, बॉयलर सावकाश निवू द्यावयाचा आणि वरिष्ठांना कळवावयाचे, हा योग्य मार्ग होय. सहजबुद्धीला सुचते त्याच्या उलट वागण्याचे हे ज्ञान शिकल्यावाचून येत नाही. ते आले आहे की नाही, एवढेच परीक्षेला पाहावयाचे असते.

थ्री माइल आयलंड येथील धडा

अणुभट्टी हाही एका अर्थाने वाफेचाच कारखाना आहे. कोळशाऐवजी युरेनियमच्या अणूंचे विखंडन उष्णता पुरविते, एवढाच मूळ भेद. मात्र एक महत्त्वाचा फरक असा की, अणुभट्टी बंद केल्यानंतरही तिच्या गाभ्यात उष्णता निर्माण होणे चालूच राहते. त्यामुळे गाभा सतत पाण्याखाली ठेवणे अत्यावश्यक असते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीतील थ्री माइल आयलंड या बेटावर दोन अणुभट्ट्या होत्या. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या भट्टीच्या पाणीपुरवठ्यात बिघाड झाला. भट्टी आपोआप बंद झाली. वाढलेला दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटावयास हवी होती, परंतु ती उघडीच अडकून राहिली आणि गाभ्याला थंड ठेवणारे पाणी तीतून बाहेर जाऊ लागले. नियंत्रण फलकावरील दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. प्रत्यक्षात झडपेला मिटण्याची आज्ञा गेली की नाही, एवढेच तो दिवा सांगत असे. ती खरोखर मिटली की नाही, हे त्यावरून कळत नसे.

यातच दाब राखणाऱ्या टाकीतील पाण्याची पातळी वाढताना दिसली. यंत्रणेत पाणी जास्त झाले असा चालकांचा समज झाला आणि आपोआप सुरू झालेला आणीबाणीचा पाणीपुरवठा त्यांनी कमी केला. पाणी कमी पडत असताना पाणी रोखले गेले. ती झडप सव्वादोन तासांहून अधिक काळ उघडी राहिली. भट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अल्प होता, परंतु भीतीपोटी सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी काही काळासाठी घरे सोडली. वितळलेल्या भट्टीची साफसफाई १९९३ पर्यंत चालली आणि तीवर सुमारे १०० कोटी डॉलर खर्च झाला.

गिरणीतील तुंबलेला गेज ग्लास आणि अणुवीज केंद्रातील तो दिवा यांतील साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी दर्शक खोटे सांगतो आणि सहजबुद्धी चुकीचा मार्ग दाखविते. दोन्ही ठिकाणी शेवटचा आधार चालकाच्या आकलनाचा असतो. या अपघाताच्या चौकशीसाठी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑक्टोबर १९७९ मध्ये सादर झालेल्या अहवालात यंत्रांतील दोषांबरोबरच चालकांच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर आयोगाने स्पष्ट बोट ठेवले. चालकांना नेहमीचे काम येत होते. अनपेक्षित प्रसंगी काय घडत आहे हे ओळखण्याची तयारी मात्र त्यांना करून देण्यात आली नव्हती.

पुन्हा परीक्षा, आणि परीक्षेत नक्कल

अपघात झाला तेव्हा त्याच केंद्रातील पहिली भट्टी इंधन बदलण्यासाठी बंद होती. तिला काहीही इजा झालेली नव्हती. तरीही अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने ती बंदच ठेवण्याचा आदेश दिला आणि ती पुन्हा सुरू करावी की नाही, यावर जाहीर सुनावणी सुरू झाली. परिसरातील नागरिकांच्या संघटनांनाही या सुनावणीत आपली बाजू मांडता येत होती. भट्टी पुन्हा सुरू करावयाची तर तेथील चालकांना नव्याने प्रशिक्षण द्यावे आणि त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी, असे ठरले. अपघातातून निघालेला मुख्य निष्कर्षच प्रशिक्षणासंबंधी असल्याने या परीक्षेला असाधारण महत्त्व होते.

एप्रिल १९८१ मध्ये नियामक आयोगाने ही लेखी परीक्षा घेतली. काही महिन्यांतच असे आढळून आले की, दोन उमेदवारांच्या उत्तरपत्रिकांतील उत्तरे शब्दशः जुळतात. हे दोघे नवशिके नव्हते. ते पाळी पर्यवेक्षक होते, म्हणजे आपल्या पाळीत संपूर्ण भट्टीची जबाबदारी सांभाळणारे आणि हाताखालच्या चालकांना आदेश देणारे. दोघांनीही नक्कल केल्याचे मान्य केले. पुढील साऱ्या कामकाजात संबंधितांची नावे न घेता त्यांचा उल्लेख केवळ अक्षरांनी करण्यात आला, ही बाबही नोंद घेण्याजोगी आहे. व्यक्तींची बदनामी हा चौकशीचा हेतू नव्हता. व्यवस्थेतील दोष शोधणे हा होता.

सुनावणी पुन्हा उघडण्यात आली. ऑक्टोबर १९८१ मध्ये चालकांची परीक्षा नव्याने घेण्यात आली. नक्कल प्रकरणाच्या चौकशीसाठी गॅरी मिलहॉलिन या विधी प्राध्यापकांची विशेष अधिकारी म्हणून नियुक्ती झाली. त्यांचा अहवाल एप्रिल १९८२ मध्ये सादर झाला आणि परवाना मंडळाने त्यावर जुलै १९८२ मध्ये निर्णय दिला. चौकशीत असे दिसून आले की, गैरप्रकार केवळ त्या दोन उत्तरपत्रिकांपुरता नव्हता. कंपनीच्या प्रशिक्षण वर्गांतील अंतर्गत चाचण्यांमध्येही नक्कल झाली होती. या चाचण्या शिथिलपणे घेतल्या जात. खुद्द नियामक आयोगाच्या परीक्षेतही पर्यवेक्षण अपुरे होते. व्यवस्थापनाने या प्रकारांकडे किती गांभीर्याने पाहिले, यावरही चौकशीत प्रश्नचिन्ह उभे राहिले.

या साऱ्याहून महत्त्वाचा मुद्दा परीक्षेच्या आशयाचा होता. विचारले जाणारे प्रश्न चालकाच्या प्रत्यक्ष कामाशी किती निगडित आहेत, त्यांतून आकलन तपासले जाते की केवळ स्मरण, हा प्रश्न चर्चेत आला. प्रशिक्षणाच्या दर्जाचा हा विषय अपिलातही गाजला. परीक्षा हा कामाचा भाग वाटत नाही, केवळ पार करावयाचा अडथळा वाटतो, तेव्हा तो कोणत्याही मार्गाने पार करण्याची वृत्ती बळावते. नक्कल करणाऱ्याचा दोष यामुळे कमी होत नाही. परंतु परीक्षा घेणाऱ्याची जबाबदारी त्यातून स्पष्ट होते.

भट्टी सुरू करण्यास नियामक आयोगाने मे १९८५ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली. निर्दोष यंत्र साडेसहा वर्षे बंद राहिले. या काळात इतरही प्रश्न होते, हे खरे; तथापि ज्यांच्या हाती भट्टी द्यावयाची त्यांच्यावर विश्वास ठेवता येईल काय, हा प्रश्न त्यांत अग्रभागी होता. ही भट्टी पुढे २०१९ पर्यंत चालली. अमेरिकेने १९८७ मध्ये चालक परवान्याचे नियम सुधारले. परीक्षेचे पावित्र्य भंग होईल असे कोणतेही कृत्य उमेदवार, परवानाधारक वा कंपनी यांपैकी कोणीही करता कामा नये, असे स्वतंत्र कलम त्यांत घालण्यात आले. नियंत्रण कक्षाच्या हुबेहूब प्रतिकृतीवर, म्हणजे सिम्युलेटरवर, परीक्षा घेण्यासही या नियमांत स्थान मिळाले.

शंभर गुणांचा हट्ट

नक्कल केवळ नापास होण्याच्या भीतीने होते, असा सर्वसाधारण समज आहे. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या आणखी एका प्रकरणाने तो खोटा ठरविला. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील माल्मस्ट्रॉम या हवाई दलाच्या तळावर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रांची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी दरमहा होणाऱ्या चाचणीची उत्तरे एकमेकांना मोबाइलवर पाठवीत असल्याचे आढळले. नव्वदहून अधिक अधिकारी या चौकशीच्या कक्षेत आले. नऊ वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले.

या चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी ९० टक्के गुण पुरेसे होते. तेवढे मिळविण्याची पात्रता या अधिकाऱ्यांच्या अंगी होती. परंतु वरिष्ठांनी प्रत्येकाकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा ठेवली होती आणि बढतीचा विचारही गुणांवरून होत असे. चाचणी हे उणिवा शोधण्याचे साधन असते. प्रत्येकाला पूर्ण गुण मिळालेच पाहिजेत असा दंडक घातला की उणिवा दिसण्याचा मार्गच बंद होतो. कागदावर तुकडी निर्दोष दिसते आणि तिच्यातील कच्चे दुवे कोणालाही कळत नाहीत. निकालाची टक्केवारी हेच यशाचे एकमेव माप मानणाऱ्या कोणत्याही संस्थेने, मग ती शाळा असो वा प्रशिक्षण केंद्र, यावर विचार करणे आवश्यक आहे.

भारतातील व्यवस्था

भारतातील पहिले अणुवीज केंद्र महाराष्ट्रातच, तारापूर येथे, १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. ते तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात आहे. अणुऊर्जा क्षेत्रातील सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षातील जबाबदारीच्या पदांवर काम करणाऱ्यांना पात्रतेच्या अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. लेखी परीक्षेबरोबरच प्रत्यक्ष संयंत्रात फिरून प्रत्येक यंत्र, झडप व मार्ग दाखवून द्यावयाची परीक्षा असते. सिम्युलेटरवर कृत्रिम बिघाड निर्माण करून उमेदवार काय करतो, हे पाहिले जाते. त्यानंतर मुलाखत होते. मिळालेली पात्रताही कायमची नसते. ठरावीक मुदतीनंतर ती पुन्हा सिद्ध करावी लागते.

या बहुविध परीक्षेमागील तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. लेखी उत्तराची नक्कल करता येते. समोर उभ्या असलेल्या परीक्षकाला झडप दाखवून द्यावयाची असेल किंवा सिम्युलेटरवर वाजू लागलेल्या धोक्याच्या घंटेला प्रतिसाद द्यावयाचा असेल, तर शेजाऱ्याचा कागद उपयोगी पडत नाही. नक्कल रोखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जेथे नक्कल निरुपयोगी ठरते अशी परीक्षा घेणे.

औष्णिक वीज केंद्रांसाठीही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत चालविणाऱ्या व दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांची, पर्यवेक्षकांची व तंत्रज्ञांची शैक्षणिक पात्रता आणि प्रशिक्षण यांविषयी तरतुदी आहेत. तिरोड्यासारख्या प्रकल्पात काम करणाऱ्याला पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले की शिक्षण संपले, असे होत नाही. कामासाठीचे प्रशिक्षण हा त्याचा अनिवार्य भाग आहे.

कायदा आहे, पण कायदाच पुरेसा नाही

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने बऱ्याच आधी पाऊल उचलले. विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांमधील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९८२ चा आहे. केंद्र शासनाने २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांतील अनुचित साधनांना प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यात तीन ते पाच वर्षांच्या कारावासाची आणि संघटित गुन्ह्यासाठी पाच ते दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. या कायद्याचा रोख परीक्षार्थ्यांपेक्षा प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या व निकालात फेरफार करणाऱ्या टोळ्यांवर आहे.

अशा कायद्यांची गरज का भासते, हे राज्याने अनुभवले आहे. २०१९ च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन अपात्र उमेदवारांना पात्र ठरविल्याचा आरोप डिसेंबर २०२१ मध्ये पुढे आला आणि राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन प्रमुखांनाच अटक झाली. २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई करण्यात आली. शिक्षक हा काही यंत्रचालक नव्हे. त्याच्या वर्गात स्फोट होत नाही. पण अपात्र शिक्षकाच्या हाताखालून दरवर्षी एक वर्ग बाहेर पडतो आणि त्याची उणीव कोणत्याही दर्शकावर दिसत नाही. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या हजारो उमेदवारांच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने पाहू लागतात, हे नुकसान वेगळेच.

गोंदिया जिल्ह्यात काय करता येईल?

वरील विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. त्यांना मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी उमेदवारांमधील अंतर, प्रश्नपत्रिकांचे वेगवेगळे संच आणि पर्यवेक्षकाची अखंड उपस्थिती या साध्या बाबी क्षुल्लक मानू नयेत. थ्री माइल आयलंड येथे याच बाबींत ढिलाई झाली होती. लेखी परीक्षेला तोंडी व प्रत्यक्ष कामाची जोड असेल तेथे ती उरकून टाकण्याची बाब होऊ नये. ‘पाणी कमी झाल्यास काय कराल?’ एवढेच विचारून न थांबता ‘काच खरे सांगते आहे, हे कसे ओळखाल ते करून दाखवा,’ असे सांगितल्यास पाठांतर आणि ज्ञान यांतील फरक तत्काळ दिसून येतो.

राइस मिलच्या मालकांनी प्रमाणपत्र आणि ते धारण करणारा माणूस एकत्र असतील, याची दक्षता घ्यावी. प्रमाणपत्र एकाच्या नावाचे आणि पाळीत उभा दुसराच, असे झाले तर परीक्षेत नक्कल केल्यासारखेच होते. कारण बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाची परीक्षा झालेलीच नसते. हंगामात रात्रंदिवस मिल चालते, तेव्हा प्रत्येक पाळीसाठी प्रमाणपत्रधारक परिचर आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. बॉयलरला अपघात झाल्यास २४ तासांच्या आत निरीक्षकाला लेखी कळविण्याचे बंधन १९२३ च्या अधिनियमानेच घातले होते. लहानसहान अपघात दडविले गेले तर त्यांतून शिकण्याची संधी हातची जाते.

पंचायत सदस्यांना बॉयलर तपासण्याचा अधिकार नाही. परंतु गिरणीत कामाला जाणारे हमाल, मजूर व स्त्रिया त्यांच्याच गावच्या असतात. आपल्या गावच्या माणसांच्या जवळ पेटत्या असलेल्या बॉयलरवर कोणत्या पाळीला कोण प्रमाणपत्रधारक असतो, ही चौकशी ग्रामसभेत होऊ शकते. शंका असल्यास बाष्पके संचालनालयाला कळविता येते. अशी विचारपूस मालकाविरुद्धची तक्रार समजली जाऊ नये. ती गावाने स्वतःच्या माणसांची घेतलेली काळजी होय.

शिक्षकांचे काम मात्र सर्वांत आधी सुरू होते. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील शाळेतून दहावी झालेला मुलगा उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाईल आणि परवा एखाद्या यंत्रापाशी उभा राहील. दहावीच्या केंद्रावर खिडकीतून आलेल्या चिठ्ठीने त्याचा एक पेपर सुटला, तर उत्तर बाहेरून मिळते, हा धडा तो आपल्यासोबत घेऊन जातो. जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षेसाठी केले जाणारे प्रयत्न केवळ निकालाच्या शुद्धतेसाठी नाहीत. ‘मला हे येत नाही’ असे मुलाला निर्भयपणे सांगता यावे आणि ते ऐकून घेणारा शिक्षक त्याला मिळावा, ही त्या प्रयत्नांची खरी फलश्रुती होय. माल्मस्ट्रॉमच्या अधिकाऱ्यांना हेच सांगण्याची सोय राहिली नव्हती.

विद्यार्थ्याची परीक्षा तीन तासांत संपते. यंत्रचालकाची मात्र प्रत्येक पाळीला नव्याने सुरू होते आणि तिची वेळ आधी जाहीर होत नाही. थ्री माइल आयलंड येथे ती पहाटे चार वाजता आली. गोंदियातील एखाद्या गिरणीतही ती ऐन हंगामातील रात्री, काचेतील पाणी बराच वेळ हललेले नाही असे ध्यानात येईल त्या क्षणी येऊ शकते. त्या वेळी परिचराजवळ पुस्तक नसते, शेजारचा बाकही नसतो. जे खरोखर शिकले असेल तेवढेच त्याच्या हाताशी असते आणि त्याच्या निर्णयावर भोवती काम करणाऱ्या सर्वांचे जीवित अवलंबून असते. प्रमाणपत्राची परीक्षा प्रामाणिकपणे घेणे व देणे हे म्हणूनच सुरक्षिततेचे पहिले उपकरण आहे आणि ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी परीक्षक, मालक, शिक्षक आणि ग्रामस्थ या सर्वांची आहे.